‘राखेची खोली’बद्दल चौघांची मतं

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या डोंगराळ भागात थेल्मा बेडोसला न ओळखणारं माणूस सापडणं कठीण. उभं आयुष्य तिने त्या भागात फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. अरुंद रस्ते, दोन्हीकडे उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे कोण जाणार यावरून होणारी तोंडातोंडी, आणि त्यात नेहमी जिंकणारी थेल्मा. एका शेतकऱ्याने पुस्तकात खूण म्हणून बेकनची पट्टी घालून पुस्तक परत केलं, तेव्हा तिने ती पट्टी बशीत ठेवून त्याच्या दारात नेऊन दिली. म्हणाली, "तुमचं जेवण माझ्या गाडीत राहिलं होतं." लग्न तिने केलं नाही. इतक्या पुस्तकांची धूळ झटकायची, त्यात आणखी एका नवऱ्याची कुठे झटकत बसू, असं विचारायची.

तिच्या म्हाताऱ्या वाचकांची एक खोड होती. भुताखेताच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचून वाचून कुठली वाचली आणि कुठली नाही याचा त्यांना पत्ता राहत नसे. मग प्रत्येकाने आपली एक गुप्त खूण ठरवलेली असे. कुणी दहाव्या पानाच्या आकड्याखाली रेघ मारी, कुणी तिसाव्या पानावरच्या एखाद्या अक्षराच्या पोटात ठिपका देई. पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की पुस्तक परत फळीवर. सरकारी पुस्तकात पेन्सिल चालवली म्हणून थेल्मा त्यांना झाप झाप झापायची. आणि घरी जाऊन स्वतः तेच करायची. तिचं पान शेहेचाळिसावं, कारण जन्म त्या सालचा. त्या पानाच्या कोपऱ्यात ती हिरव्या पेन्सिलीने छोटंसं फाटक काढायची, दोन उभ्या काड्या आणि मधे तिरपी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

थेल्माची आई गावावरच्या टेकडीवर लिडकोट हॉल नावाच्या बड्या वाड्यात स्वयंपाकीण होती. पन्नाशीतच तिचं डोकं चालेनासं झालं, मीठ दोनदा पडू लागलं आणि हॉलच्या लोकांनी तिला घरी बसवलं. तरी ती रोज सकाळी ॲप्रन बांधून टेकडी चढायची. फाटकावरचा रखवालदार भला माणूस. तो म्हणायचा, "आज सुट्टी आहे, घरी जा." रोज सुट्टी. नवराही तेच सांगे, बहिणीही तेच. सगळ्यांनी इतक्या मायेने तिला फसवलं की बघणाऱ्याला भरून यावं. मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिच्या डोक्यातलं धुकं घटकाभर विरलं. तिने एकेकाचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीलाच नव्हतं." जन्मात कुणावर हात न उगारलेल्या त्या बाईने रश्श्याचं भांडं उचलून नवऱ्याच्या अंगावर फेकलं. त्यानंतर ती शुद्धीत अशी आलीच नाही.

थेल्मा तेव्हा तरुण होती. त्या दिवसापासून ती हे सगळ्यांना बजावत आली, लग्नात, मयतात, रांगेत, कुठेही: "माझी वेळ आली की मला सांगायचं. तोंडावर सांगायचं, साखर न लावता. पुढचं काय ते मी ठरवीन. दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही." लोक हो हो म्हणत. आमच्याकडे लोक कशालाही हो म्हणतात. पायावरून गाडीचं चाक गेलं तरी आधी ‘माफ करा’ म्हणणारी ही जमात.

गाडी बंद झाली, थेल्मा निवृत्त झाली, तरी वाचणं आणि वाचायला लावणं काही सुटलं नाही. गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एका दुपारी तिची वाचकमंडळी जमू लागली. मंडळी म्हणजे थेल्मा धरून चौघं. गुरांचे निवृत्त डॉक्टर क्लेमेंट गिटिन्स, लोकरीचं दुकान चालवणारी रोझलिंड प्यू आणि पाद्रीबाबांच्या विधवा मिसेस हॉचकिस. मिसेस हॉचकिसना सगळे अहोजाहो करत, कारण त्यांच्याशी अरेतुरे करायची कुणाची छाती नव्हती. महिन्याचं पुस्तक थेल्मा निवडायची आणि त्यात कुणाचं मत विचारलं जात नसे.

या खेपेला तिने ‘राखेची खोली’ निवडली होती. भुताची आणि जुन्या काळची, दोन्ही एकत्र. दोनशे वर्षांपूर्वीचं एक मोठं घर, टेकडीवर एकटं, लिडकोट हॉलसारखंच. घराची मालकीण लेडी ऑगस्टा. तिचं लहानगं पोर तापाने गेलं आणि तिने त्याची खोली कुलूप लावून बंद केली. पण रोज सकाळी त्या बंद खोलीतल्या शेगडीत कोमट राख सापडते. छोटी खुर्ची शेगडीजवळ ओढलेली असते. पोर थंडीने कुडकुडत परत येतं अशी आईची खात्री होते. नोकरांना मात्र खरं माहीत असतं. झोपेत चालत, अनवाणी, निखारे घेऊन जाते ती लेडी ऑगस्टाच. ते रोज तिच्या झग्याची राख झटकतात, भाजलेल्या बोटांना मलम लावतात आणि सांगतात की काल पत्रांवर लाख लावताना चटका बसला असेल. एके रात्री शेगडीतला निखारा पडद्याला लागतो.

हिवाळ्यासाठी ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे केली की आमच्याकडे चार वाजताच अंधारून येतं. अशाच एका दुपारी थेल्मा खिडकीशी बसून ‘राखेची खोली’ वाचत होती. धुकं टेकडीवरून उतरत उतरत बागेच्या भिंतीपर्यंत आलं होतं आणि लिडकोट हॉलची धुराडी तेवढी वर राहिली होती. तिने पान उलटलं. शेहेचाळीस. कोपऱ्यात हिरवं फाटक होतं.

आधी तिने चष्मा पुसला. मग दिव्याखाली धरून पाहिलं. उजवी काडी डावीपेक्षा किंचित आखूड, जशी तिच्या हातून नेहमी येते तशी. कुणीतरी थट्टा केली असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण खूण कुणाला ठाऊकच नव्हती, मग थट्टा कोण करणार?

मग ती पुढे वाचत गेली, चोराच्या पावलांनी, एखादं वाक्य ओळखीचं निघतंय का ते बघत. एकही ओळखीचं निघालं नाही. खुर्ची शेगडीकडे सरकली तेव्हा तिच्या अंगावर नव्याने काटा आला. अनवाणी पावलं कुणाची ते कळलं तेव्हा ती नव्याने दचकली. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. पुसट आठवण असती तर तिला धरून उभं राहता आलं असतं, इथे पायाखाली काहीच नव्हतं. त्या रात्री तिने सगळे दिवे चालू ठेवले. भुताला ती घाबरत नव्हती.

वाचकमंडळीच्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत सभागृहावर गेली. तिने ठरवलं होतं: आल्या आल्या विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं. ही माणसं पुस्तकाबद्दल पहिल्यांदा बोलतात की नाही, ते त्यांच्या बोलण्यावरूनच कळेल. आयुष्यभर तिने वाचकांची मतं ऐकली होती, गाडीच्या पायरीवर, पावसात.

मागच्या खोलीत विजेची शेगडी तापत होती. मिसेस हॉचकिसनी फ्रूटकेक कापला, चहा ओतला. रोझलिंडने कपाटातली पिशवी काढून प्रतींचं वाटप केलं.

"बोला," थेल्मा म्हणाली. "क्लेमेंट, तुझ्यापासून."

क्लेमेंट खाकरला. "घोडे," तो म्हणाला.

"काय घोडे?"

"दुसऱ्या प्रकरणात बग्गीचा डावा घोडा लंगडतो. लेखकबाई म्हणतात, नाल सैल झाली. साफ चूक! वर्णनावरून तर खूर सडलाय. मी असतो तर त्या घोड्याला महिनाभर बाहेर काढू दिलं नसतं." आणि तो खुरांवर बोलत सुटला, ते चहा निवेपर्यंत.

"क्लेमेंट, पुस्तकात भूत आहे," थेल्मा म्हणाली.

"असेल. पण घोडाही आहे ना."

मिसेस हॉचकिस म्हणाल्या, "मला त्या आलुबुखाराच्या मुरंब्याबद्दल बोलायचंय. इतकी कमी साखर घातली तर आठवड्यात बुरशी धरेल. त्या काळच्या बायका असल्या चुका करत नसत. बाकी ठीक."

"आणि तुझं काय गं, रोझलिंड?"

रोझलिंडच्या मांडीवर विणकाम होतं. ती सदाचीच भित्री, दुकानात गिऱ्हाइकाला लोकर कमी पडेल हे सांगतानाही माफी मागणारी. "मला पडद्यांचा रंग आवडला," ती खाली बघत म्हणाली. "मोरपंखी. छान... छान लिहिलाय."

थेल्मा तिघांकडे आळीपाळीने बघू लागली. बाई झोपेत निखारे हाताळते, घर जळून जातं, आणि यांना खूर, मुरंबा आणि पडदे सुचतात? खाण्यासारखं सगळं खाऊन झाल्यावरच माणूस बशीतले कण टिपतो. तिने रोझलिंडची प्रत उचलली. पुस्तक नव्यानेच आणलेलं, आणि पाठीला इतक्या घड्या की टेबलावर ठेवताच आपोआप उताणं पडलं. खिडकीबाहेर धुकं काचेला येऊन टेकलं होतं. विजेची शेगडी टकटक करत होती.

"मुद्द्याचं कुणी बोलतच नाही," थेल्मा म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला कष्ट पडले. "नोकरांनी तिला सांगायला हवं होतं की नको?"

क्लेमेंटने केकचा तुकडा तोंडात कोंबला. रोझलिंडची सुई थांबली.

"नको," मिसेस हॉचकिस म्हणाल्या. "सांगून काय साधलं असतं? तिला तिचं घर होतं, मान होता, मूल येतं हे सुख होतं. ते कशाला हिसकावून घ्यायचं? दयाही काही असते, थेल्मा."

"घर जळलं तिचं."

"ते लेखकबाईंनी जाळलं. शेवट काहीतरी करायला हवा म्हणून."

थेल्माने कप खाली ठेवला. "मला एक सांगा. हे पुस्तक मी आधी वाचलंय का?"

"छे गं!" मिसेस हॉचकिस लगेच म्हणाल्या. अगदी गोड, अगदी सहज. "ती पेन्सिलीची खूण दुसऱ्या कुणाची तरी असणार. मनाला लावून घेऊ नकोस. केक घे अजून."

थेल्माने केकची बशी बाजूला सारली.

"खुणेचं मी बोललेच नाही," ती म्हणाली.

मिसेस हॉचकिसचा हात केकच्या सुरीवर तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला कुणी पाहिला नव्हता. रोझलिंडच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"क्लेमेंट," थेल्मा म्हणाली. "लोकांच्या गाई वाचणार नाहीत हे तू गोठ्यात उभा राहून सांगत आलास. मला सांग."

क्लेमेंटने घास कसाबसा गिळला. "तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "सप्टेंबरात वाचलं. छान झाली तेव्हा चर्चा, भांडलो आपण. ऑक्टोबरात तू परत तेच पुस्तक जाहीर केलंस, इतक्या उत्साहाने, की... आम्हाला वाटलं, होतं असं कधीकधी. वय झालं आपलं. एकदा वाचलं काय, दोनदा काय."

"आणि?"

"आणि परत बोललो. नवी मतं काढली. आता माझ्याकडे घोड्याशिवाय काही उरलं नाही, थेल्मा." त्याचा आवाज फाटला. "मागच्या महिन्यात तू हेच विचारलंस. याच खुर्चीत बसून. खूण दाखवलीस आम्हाला. आम्ही नाही म्हणालो. तू इतकी खूश झालीस की केकचे दोन तुकडे खाल्लेस आणि गाणं म्हणत घरी गेलीस."

थेल्माने आठवून पाहिलं. खुर्ची, केक, गाणं. आत कुठेही काही हललं नाही. एका अनोळखी बाईबद्दल कुणी सांगत असावं तसं ते होतं. त्या बाईला मात्र या खोलीतली सगळी माणसं चांगली ओळखत होती.

"सप्टेंबरात माझं मत काय होतं?" तिने विचारलं. "नोकरांबद्दल."

शेवटी रोझलिंडच बोलली, हुंदके देत देत. "तू टेबलावर मूठ आपटलीस. म्हणालीस, पहिल्याच सकाळी सांगायला हवं होतं. असल्या नोकरांना तू कधी माफ केलं नसतंस."

"आणि हे ऐकूनही तुम्ही मूग गिळून बसलात."

"तुझा चेहरा बघवला नसता गं," मिसेस हॉचकिस म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या, पण अचानक फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "आत्ता जसा झालाय तसा. मी नवऱ्याबरोबर पन्नास घरांत मरणाची बातमी घेऊन गेलेय. पण तिथून निघून येता येतं. इथे दर महिन्याला तुझ्यासमोर बसायचं होतं."

थेल्माला राग आला, खूप आला. रश्श्याचं भांडं समोर असतं तर तिनेही फेकलं असतं. पण तिच्याजवळ वेळ नव्हता. हे आत्ता डोक्यात आहे, घरी पोचेपर्यंत राहील की नाही याची खात्री देणारं कुणी नव्हतं. तिने पर्स उघडली, गाडीची चावी काढली आणि क्लेमेंटसमोर टेबलावर ठेवली.

"ही घे. या रस्त्यांवर पोरं सायकली चालवतात. मी मागायला आले तर द्यायची नाही. शिव्या दिल्या तर शिव्या खायच्या."

"थेल्मा..."

"उद्या मला डॉक्टरकडे ने. आणि घर सोडायचं की नाही ते मी ठरवणार, मला कळतंय तोवर. म्हणून मला कळत राहायला हवं. मी हे विसरणार. मग परत कुणीतरी सांगायचं. दर वेळी. कोण सांगेल?"

क्लेमेंट चावीकडे बघत होता. मिसेस हॉचकिसनी मान हलवली. "माझ्याच्याने होणार नाही. देवाची शपथ, मला जमणार नाही."

"मी सांगेन," रोझलिंड म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाची माफी मागणारी रोझलिंड, आणि तिच्या मांडीवरच्या स्वेटरचे टाके सुईवरून निसटून गेलेले.

"तू?" थेल्मा म्हणाली. "तुला मुंगीला हाकलता येत नाही."

"नाही येत. पण सांगेन."

डिसेंबरात सभागृहावर कागदी माळा लागल्या. टेकडीवर बर्फ भुरभुरत होतं आणि लिडकोट हॉलची धुराडी त्यात दिसेनाशी झाली होती. थेल्मा त्या दिवशी चिडलेलीच होती. तिच्या गाडीची चावी कुणीतरी ढापली होती आणि तिचा संशय क्लेमेंटवर होता. नाइलाजाने त्याच्याच गाडीत बसून यावं लागलं. वाटभर तिने त्याला चोर म्हटलं, आणि तो माणूस हूं की चूं करेना.

मागच्या खोलीत रोझलिंड एकटीच होती. तिने एक खुर्ची आधीच शेगडीजवळ लावून ठेवली होती. शेजारी पाण्याचा पेला आणि घडी घातलेला रुमाल होता. केक दिसत नव्हता.

"थेल्मा, कोट राहू दे. आधी बस," रोझलिंड म्हणाली. "मला तुला काही सांगायचंय."

या भित्रीला मला काय सांगायचं असणार, असं मनात म्हणत थेल्मा बसली. रोझलिंड तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगू लागली. काही लपवलं नाही, साखर लावली नाही. आवाज कापत होता, पण कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं ते तिला पाठ होतं. चावीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, आजाराचं नावही सांगितलं. ते थेल्माच्या आईच्याच आजाराचं होतं.

बाहेर क्लेमेंट बूट झटकत असल्याचा आवाज आला. तो आत आला नाही.

थेल्माने हात हिसडून सोडवून घेतले. "म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि हे तू मला आज सांगतेस? इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघत गप्प बसलात? लाज नाही वाटली, रोझलिंड?"

रोझलिंडने तो पेला उचलून तिच्या हातात दिला आणि ती नीट धरतेय ना हे पाहिलं.

"वाटली," ती म्हणाली. "पाणी पी. मग परत सांगते."